बी विंगची टाकी, कबुतरं आणि उरलेल्या तीन गोळ्या

सचिव काका (१०१), सकाळी ७:४२
सर्वांना कळविण्यात येते की गच्चीवरच्या टाकीचं झाकण वादळात उडालं. पाण्यावर कबुतराची पिसं, काठावर विष्ठा. टाकी रिकामी करून धुवून घेत आहोत. दुपारी ३ पर्यंत पाणी नाही.

नंदाकाकू (३०२), ७:४५
बाप्पा! काल रात्री वरण त्याच पाण्याचं केलं 😖

राजूभाऊ (२०४), ७:४९
दोन वर्षांपासून सांगून राहिलो, जाळी लावा. आता तर बातम्यांतच येऊन राहिलं, पक्ष्यांमध्ये औषधाला न जुमानणारे जिवाणू सापडले म्हणून. फॉरवर्ड करू का?

नंदाकाकू, ७:५१
पोरासाठी आणलेल्या अॅझिथ्रो अँटिबायोटिकच्या ३ गोळ्या उरल्या आहेत. खबरदारी म्हणून आम्ही तिघं एक-एक घेऊन टाकतो.

रश्मी (४०३), ७:५२
काकू थांबा जी, नका घेऊ! वरण उकळलं ना? मग त्यातले जिवाणू मेले. आणि ताप नाही, पोट बिघडलं नाही, तर गोळी मारणार कोणाला? पोटातले साधे जिवाणू मरतील आणि चिवट उरतील त्यांना मोकळं रान. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

राजूभाऊ, ७:५५
म्हणजे कबुतरांचा काही दोष नाही?

रश्मी, ८:०३
भाऊ, कबुतर मेडिकलमधून गोळ्या आणत नाही 🙂 भांडेवाडीच्या कचरा डेपोवर जाऊन बघा, बगळे, घारी, कावळे आपल्याच कचऱ्यावर बसलेले असतात. चिकनच्या दुकानातला कचरा, नाल्याचं पाणी, फेकलेली औषधं. त्यातले जिवाणू त्यांच्या आतड्यात बसतात. पक्षी बहुतेक वेळा आजारीही पडत नाही, नुसता घेऊन फिरतो. २०१३ साली जर्मनीत एका घारीत एनडीएम-१ जनुकवाला साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) सापडल्याचं प्रसिद्ध झालं. हे जनुक असलं की दवाखान्यात शेवटी-शेवटी देतात ती कार्बापेनेम औषधंही चालत नाहीत. आणि जिवाणू ही जनुकं एकमेकांना देतात, जातही वेगळी चालते. आपण इथे फॉरवर्ड करतो तसं, न वाचता.

राजूभाऊ, ८:०५
टोमणा कळला 🙏 पण नागपूरच्या गोरेवाड्याचे वाघ याच्यानंच गेले ना?

रश्मी, ८:०८
नाही, तो बर्ड फ्लू. डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. तो विषाणू, त्याच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. दोन्हींची खिचडी करू नका.

पिंट्या (१०४), ८:१०
मग रविवारचं सावजी बंद काय? 😭

रश्मी, ८:१४
खा रे. रस्सा खदखदला की चिवट काय न् साधा काय, सगळे मरतात. धोका कच्च्या कोंबडीचा. नळाखाली धुतो, शिंतोडे बाजूच्या कोथिंबिरीवर, मग त्याच सुरीनं काकडी. कोंबड्यांचं वजन लवकर वाढावं म्हणून खाद्यातून कोलिस्टिन द्यायचे. माणसासाठी ते अगदी शेवटच्या फळीतलं औषध. जुलै २०१९ ला केंद्रानं खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत ते बंद केलं.

सुषमाताई (३०४), ८:२१
मी सहसा इथे लिहीत नाही. मागच्या वर्षी सासूबाईंना लघवीचं इन्फेक्शन झालं होतं. कल्चरचा, म्हणजे जिवाणूवर कोणतं औषध चालतं त्या तपासणीचा, कागद अजून कपाटात आहे. औषधांची नावं एकाखाली एक आणि पुढे आर, आर, आर. खाली एकाच ओळीत एस. मी डॉक्टरांना विचारलं, आर म्हणजे राइट ना? ते म्हणाले, नाही, रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही; एस असलेलं तेवढं चालतं. एसवालं ते इंजेक्शन मग सात दिवस सलाईनमधून. त्यांच्यात हा जिवाणू कुठून आला, कोणालाच सांगता आलं नाही. त्यांनी कबुतराला कधी हातही लावला नव्हता. घसा दुखला की दुकानातून दोन गोळ्या मात्र आणायच्या, त्याही मीच आणून द्यायची.

नंदाकाकू, ८:२३
अगं सुषमा 🙏

अण्णा (२०१), ८:२६
मी तीस वर्षे गच्चीवर ज्वारी टाकतो. मला काहून काही झालं नाही?

राजूभाऊ, ८:२६
अण्णा, तुम्हीच काय ते!!

रश्मी, ८:२९
अण्णा, टाकीशेजारी तरी नका टाकू. विष्ठा वाळून तिची धूळ छातीत गेली की फुप्फुसाचा त्रास होतो, तो वेगळाच विषय. अरे हो, सचिव काका! टाकी साफ करायला पोरगा वर गेला काय? कोरडा झाडू आहे त्याच्या हातात?

सचिव काका, ८:३०
हो. झाडून राहिला. का?

रश्मी, ८:३०
थांबवा त्याला!! आधी पाणी मारून विष्ठा ओली करा, मग खरवडा. मास्क आणि हातमोजे माझ्याकडून पाठवते. आणि टाकी नुसती धुवून सोडू नका, ब्लीचिंग पावडर घाला.

सचिव काका, ८:३६
थांबवला. शिंकून राहिला बिचारा. चहा पाजतो.

नंदाकाकू, ८:४०
रश्मी, मग या तीन गोळ्या बेसिनमध्ये टाकून देऊ?

रश्मी, ८:४१
बेसिनमधून नाल्यात, नाल्यावर पुन्हा तेच बगळे 😀 माझ्याकडे द्या, मेडिकलवाला परत घेतो काय विचारते. आणि काकू, पट्टीच्या मागे उभी लाल रेघ आहे का बघा. असली की चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते.

नंदाकाकू, ८:४४
आहे गं. मला वाटलं डिझाइन आहे.

अण्णा, ८:५२
ज्वारी उद्यापासून खाली, पिंपळाजवळ. सगळ्यांना चालेल?

राजूभाऊ, ८:५३
तिथे माझी गाडी लागते अण्णा.

सचिव काका, ११:१७
झाकण आणलं. दोन बोटं लहान निघालं. पाणी ५ नंतर येईल. तोवर विटा ठेवल्या आहेत, कोणी हलवू नये.