दुसऱ्याच्या लढाईत उस्ताद पाठवावेत का?

माहीमकर:
परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मित्र म्हणाला, परक्या युद्धात फौज उतरवण्यापेक्षा मूठभर कमांडो उस्ताद म्हणून, म्हणजे लढाई शिकवायला, पाठवून तिथल्याच लोकांना तयार करावं. मला अजिबात पटलं नाही. १९६१मध्ये अमेरिकेचे ग्रीन बेरेट, म्हणजे त्यांच्या लष्कराच्या विशेष दलाचे जवान, व्हिएतनाममधल्या बुओन एनाओ या ऱ्हादे आदिवासींच्या गावात गेले. आधी औषधपाणी, गावाला कुंपण, मग बंदुका. डोंगरी लोकांनी त्यांच्या मनगटात पितळी कडी घालून त्यांना आपलं मानलं. पण सायगॉनचं, म्हणजे दक्षिण व्हिएतनामचं, सरकार या लोकांना हलकं लेखायचं. सप्टेंबर १९६४मध्ये या डोंगरी लोकांच्याच तुकड्यांनी सायगॉनविरुद्ध बंड केलं. १९७१मध्ये उस्ताद मायदेशी परतले. १९९२ साली कंबोडियाच्या जंगलात त्या डोंगरी बंडखोरांतले सुमारे ४०० जण अजून हत्यारं बाळगून होते! कुणाच्या भरवशावर राहिले असतील ते?

गिरगावकर:
साफ चूक. १९७१ला मी चौथीत होतो, चाळीच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले आठवतात. त्याच वर्षी पलाशीजवळ भागीरथीच्या पात्रात आपल्या नौदलाने पूर्व पाकिस्तानातल्या बंगाली पोरांना पोहायला, सुरुंग लावायला शिकवलं. ऑगस्टमध्ये आकाशवाणीवर ठरलेलं गाणं लागलं आणि ती पोरं अंगाला सुरुंग बांधून रात्रीच्या पाण्यात उतरली. चितगाव, मोंगला बंदरांत जहाजं बुडाली. देश त्यांचा, जिद्द त्यांची. आपण फक्त हात दिला.

परळवाली:
काका, ते खरंच. पण श्रीलंकेचं काय? १९८३पासून आपणच तमिळ गटांना शिकवलं आणि १९८७मध्ये त्यांच्यातल्याच वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, आपले जवान लढले. हजारावर गेले. निघताना उभी केलेली तमिळ नॅशनल आर्मी तर वाघांनी चिरडूनच टाकली. त्या पोरांच्या आयांना काय सांगायचं?

गिरगावकर:
तो दिल्लीच्या धोरणाचा दोष, शिकवणाऱ्या जवानाचा नाही.

माहीमकर:
जवानाला कोण बोल लावतंय? कडं त्याच्या मनगटात होतं, निर्णय दुसरीकडे झाला, हेच तर माझं दुखणं आहे. अमेरिकेने तयार केलेले अफगाण कमांडो चौदाएक वर्षं लढले. २०२१मध्ये अमेरिकेने विमानांची मदत आणि ती दुरुस्त करणारी माणसं काढून घेतली, १५ ऑगस्टला काबूल पडलं. मागे राहिलेले कमांडो घरं बदलत लपले. त्यांना बाहेर काढायची सोय पहिल्या कवायतीआधी का ठरत नाही?

परळवाली:
हे मात्र पटलं. कुटुंबासकट ठरायला हवी.

गिरगावकर:
एवढं आधी कबूल करायचं ठरलं, तर कुठलंच सरकार उस्ताद पाठवणार नाही.

माहीमकर:
मग नको पाठवू दे.