लीनचा ‘तो’ कट आधी कट नव्हताच

कुणाला वाटेल की ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) या चित्रपटातला जळत्या काडीवरून थेट वाळवंटावर जाणारा कट दिग्दर्शक डेव्हिड लीनने कागदावरच ठरवला होता. तसं नाही. पटकथेत तिथे डिझॉल्व्ह होता, म्हणजे एक शॉट विरत जाताना त्यातूनच दुसरा उमटणं. तेव्हा डिझॉल्व्ह संकलनाच्या टेबलावर होत नसे. वर्कप्रिंटवर (संकलनासाठीच्या कामचलाऊ प्रतीवर) मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, मग लॅब ऑप्टिकल प्रिंटरवर दोन शॉट एकमेकांत मिसळून देई. तोवर ते नुसते एकाला एक चिकटवलेले. तसंच पडद्यावर पाहिलं आणि ती थेट उडीच भावली. लीनने ती आणखी नेमकी करायला सांगितल्यावर संकलक अ‍ॅन कोट्सने दोनेक फ्रेम कापल्या. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे फरक जेमतेम एक-बारांश सेकंदाचा!

लीन मुळात संकलकच. १९२७ मध्ये गोमाँ स्टुडिओत चहा देणारा पोऱ्या, मग क्लॅपर (शॉटआधी पाटी वाजवणारा), न्यूजरीलचं संकलन, आणि दिग्दर्शन थेट १९४२ मध्ये, तेही नाटककार नोएल कॉवर्डच्या जोडीने. ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) त्याने पंचाहत्तरी उलटल्यावर स्वतःच संकलित केला.

‘लॉरेन्स’मध्येच, वाळवंटातून येणाऱ्या ओमर शरीफच्या प्रवेशाला छायालेखक फ्रेडी यंगने ४८२ मिमीची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लावली होती. इतक्या लांबून माणूस चालत येतो, पण आकार वाढता वाढत नाही. तापलेल्या हवेची थरथर मात्र ठसठशीत दिसते. निगेटिव्ह ६५ मिमीची, म्हणजे नेहमीपेक्षा रुंद, म्हणून दूरच्या माणसाचा तो ठिपका मोठ्या पडद्यावर टिकतो. मोबाइलवर तो दिसतच नाही, मग शॉट उगाच लांबवल्यासारखा वाटणारच.