प्रति: हौशी नोंदींचा उपयोग किती?

हौशी लोकांनी केलेल्या बर्फ-पावसाच्या मोजणीत चुका फार, म्हणून ती कुचकामी, हा या चर्चेत मांडलेला मुद्दा मला अर्धाच पटतो. चुका होतातच. ‘कम्युनिटी स्नो ऑब्झर्वेशन्स’ या नासाच्या मदतीने चालणाऱ्या उपक्रमात स्कीअर (बर्फावर घसरत भटकणारे) लोक हिमस्खलनात गाडलेल्यांना शोधायला बाळगतात तीच घडीची काठी बर्फात खुपसून खोली मोजतात. मध्ये कडक थर लागला की काठी अडते आणि जमीन लागली असं वाटतं. म्हणून आसपास दोन-चार ठिकाणी टोचून सरासरी घ्यायची, म्हणजे तो घोळ बराच निस्तरतो.

खरी गोची न केलेल्या नोंदींची आहे, आणि ती इथे कुणी काढली नाही. धो-धो पाऊस पडला की सगळे हौसेने आकडा टाकतात, कोरड्या दिवशी सामसूम! मग ‘पडलाच नाही’ की ‘पाहिलाच नाही’, हे कसं कळणार? १९९७च्या फोर्ट कॉलिन्सच्या पुरानंतर अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १९९८ साली सुरू झालेलं ‘कोकोराझ’ हे हौशी लोकांच्या पर्जन्यमापकांचं जाळं म्हणूनच शून्याचीही नोंद आवर्जून मागतं. दुष्काळाचा अंदाज बांधायला तीच तर लागते.