मदत हवी आहे: देवगडच्या घरी इलेक्ट्रिक गाडी चार्जच होत नाही

नमस्कार मंडळी,

पाडव्याला क्रेटा इलेक्ट्रिक घेतली, ५१.४ युनिटांच्या बॅटरीची. घेतली तेव्हा कागदावर रेंज ४७३ किमी होती. ती चाचणीतली, हे माहीत होतंच. हायवेला एसी लावून, चार माणसं आणि डिकी भरलेली असताना आम्हाला युनिटला साडेसहा-सात किमी मिळतात. म्हणजे फुल चार्जवर साडेतीनशेच्या आत-बाहेर. त्याबद्दल रडगाणं नाही.

ठाण्याहून आमचं गाव साधारण साडेचारशे किमी. मे महिन्यात गेलो तेव्हा चिपळूणला ३० टक्क्यांवर पोचलो, तासभर चार्जिंग आणि जेवण एकदमच उरकलं, आणि घरी उतरलो तेव्हा २४ टक्के शिल्लक. म्हटलं, आता आठ दिवस आपण आंबे खाऊ, गाडी खळ्यात वीज खाईल.

सोबत आलेला चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लावला आणि लाल दिवा. अर्थिंग फॉल्ट. त्याच सॉकेटवर पाण्याचा पंप वर्षानुवर्षं चालतोय! मल्टीमीटरने बघितलं तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ४८ व्होल्ट. संध्याकाळी सगळी वाडी पंप लावते तेव्हा फेजलाही २३० ऐवजी १९० च येतात. वायरमन म्हणाला, "न्यूट्रलवरून अर्थिंगला लूप मारतो, पाच मिनिटांचं काम." मन धजावलं नाही. अप्पांनी निकाल दिला, "गाडीला गावचं पाणी मानवलं नाही."

शेवटी पन्नास किमी हायवेपर्यंत जाऊन चार्ज केली. तिथे एक चार्जिंग गन बंद, दुसरीपुढे रांग. येताजाताचे पन्नास-पन्नास आणि अख्खा दिवस गेला.

आता गणपतीला जायचंय. जांभ्यात अर्थिंग नीट कसं करतात? आणि पावसात लाइट गेली तर जनरेटरवर चार्ज होईल का? कोकणात घरी चार्ज करणाऱ्यांनी कृपया सांगावं. "डिझेल घ्यायची होती" हे सासरेबुवांनी सांगून झालंय.

प्रतिसाद: कातळावरचो

अर्थिंगाचो खड्डो कितको खोल आसा ता आधी बघा. आमच्याकडे घर बांधताना चिऱ्यात दोन फूट खणतत, पट्टी घालतत आणि इसारतत. मे म्हयन्यात जांभो सुको खडखडीत, थंयसून करंट जातलो खंय?

प्रतिसाद: सर्किटवाला

वर म्हटलंय ते बरोबर. पंप चालतो कारण पंप अर्थिंग तपासत नाही, चार्जर तपासतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तरी काही चार्जर हाच दिवा दाखवतात, तेवढं एकदा बघून घ्या. पण ४८ व्होल्ट म्हणजे तुमचं अर्थिंग नावापुरतंच आहे.

लूप मारून घेतला नाहीत हे फार चांगलं केलंत. वादळात फांदी पडून खांबावरची न्यूट्रल तुटली, तर घरातल्या उपकरणांतून फिरून आलेला करंट त्या लूपवरून थेट गाडीच्या पत्र्यावर येईल. ओल्या खळ्यात अनवाणी माणूस दार उघडायला गेला तर काय होईल, ते लिहीत नाही.

घराभोवती बारा महिने ओल कुठे असते ते शोधा. बहुतेक घरांत मोरीचं पाणी ज्या माडाच्या आळ्यात सोडलेलं असतं तिथे मातीही असते आणि ओलही. तिथे दोन-तीन मीटर खोल पाइप किंवा रॉड उतरवा, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. मीठ-कोळसाही चालतो, पण मीठ धुऊन जातं आणि पाइप खातं. तिथून जाड तार थेट चार्जरच्या सॉकेटपर्यंत आणा. त्या सॉकेटला मीटरपासून स्वतंत्र लाइन आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) हवीच. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, चौदा अँपिअर रात्रभर ओढले की तो वितळतो.

व्होल्टेज पडतं म्हणून अकरानंतर, पंप थांबल्यावर लावा आणि गाडीच्या पडद्यावरून करंट कमी करा. दहा अँपिअरने दहा तासांत ३५ ते ४० टक्के भरतात. आठ दिवस राहणाऱ्याला घाई कसली?

साध्या पोर्टेबल जनरेटरची न्यूट्रल बहुधा तरंगती, म्हणजे जमिनीला न जोडलेली असते, तिथेही तोच लाल दिवा लागेल. त्यापेक्षा पोचलात त्याच रात्री चार्जिंग सुरू करा, परतीच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. आणि माणगावच्या ट्रॅफिकला घाबरू नका. उभ्या गाडीत एसी तासाला साधारण एक-दीड युनिट खातो. खरी रेंज जाते ती मोकळ्या रस्त्यावर शंभरने हाणल्यावर.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. भावाला गावी फोन करून हे वाचून दाखवलं. मोरीमागच्या माडाच्या आळ्यात आठ फुटांचा पाइप उतरवून झाला, स्वतंत्र लाइन आणि आरसीसीबीही बसली. न्यूट्रल-अर्थिंग आता ३ व्होल्ट दाखवतंय. अर्थात सध्या धो धो पाऊस आहे, खरा कस एप्रिलात लागेल. तेव्हा आळ्यात पाणी कमी पडू न देण्याचं आजीने कबूल केलंय. गाडीसाठी नाही. पाइप मारताना तिच्या माडाची मुळं दुखावली, म्हणून.