'वज्राघात' कुणी कुणी वाचलीये? मेहेरजानबद्दल बोलूया

जाईजुई, गिरगाव
आईची चाळ पुनर्विकासाला चाललीये, गणपतीच्या आत खोली रिकामी करायची आहे. काल माळा उतरवताना बंबाच्या मागे हरिभाऊ आपट्यांची 'वज्राघात' निघाली. खाकी कव्हर, आजोबांची शाईतली सही, पानापानांत वाळलेला कडुनिंब. हात लावला की चुरा होतोय.

शाळेत असताना मे महिन्यात गॅलरीत बसून वाचली होती आणि मेहेरजानसाठी ढसाढसा रडले होते. आजोबा म्हणायचे, ही विजयनगरच्या नाशाची गोष्ट आहे, रामराजाकडे बघ. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. ही कादंबरी मेहेरजानची आहे. राज्य बुडालं हे इतिहासात वाचता येतं, पण रामराजाने जीव लावला आणि मग सत्तेसाठी दूर लोटलं, ते तिने कसं सोसलं हे हरिभाऊंनीच लिहिलं. तुम्हाला काय वाटलं? कुठे वाचली, कुणी दिली, सगळं लिहा.

शब्दवेडी
मेहेरजानच!! रामराजाबद्दल मला शेवटपर्यंत माया वाटली नाही. कुकर लावलाय, रात्री लिहिते सविस्तर.

ठाणेकर_७
मी अर्ध्यात सोडली. वाक्य ठाण्याला सुरू होतं ते भायखळ्याला संपतं.

मंदामावशी
ठाणेकर, अरे बाळा, हरिभाऊ १९१९ साली गेले. तेव्हाची वाक्यं तशीच असायची. मनात नको वाचूस, मोठ्याने वाच. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रोज दुपारी मी त्यांना वाचून दाखवायचे. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात वाती. मेहेरजान आली की वाती वळायच्या थांबायच्या. "पुढे वाच गं, चहा नंतर" म्हणायच्या. त्यांना चहा नंतर चालतो हे घरात कुणाला खरं वाटलं नसतं!

ठाणेकर_७
मावशी 🙏 आज घरी मोठ्याने वाचून बघतो.

बखरवाला
मेहेरजान कल्पनेतली, रामराजा खरा. कृष्णदेवरायाचा जावई, म्हणून 'अळिय' रामराय. गादीवर नावाला सदाशिवराय, कारभार सगळा याच्या हातात. सुलतानांना एकमेकांविरुद्ध खेळवण्यात हयात गेली आणि शेवटी तेच एक झाले. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटच्या लढाईत पकडला गेला आणि हुसेन निजामशहाने त्याचं शिर उतरवलं. तोवर चांगलाच म्हातारा झाला होता.

पण मला या धाग्यावर वेगळंच सांगायचंय. ती एकी झाली कशी? सोयरिकीने. निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला हुंड्यात. एकीकडे हे राज्यासाठी लावलेलं लग्न, दुसरीकडे कादंबरीत राज्यासाठी मोडलेलं प्रेम. हरिभाऊंनी नेमका हा काळ निवडला, तिथेच मी त्यांना मानतो.

सोलापुरी_सून
माहेर सोलापूर!! सगळी सुट्टी किल्ल्याच्या बागेत खेळण्यात गेली आणि तो हुंड्यात दिलेला हे आत्ता मुलुंडला बसून कळतंय. आईला लगेच फोन लावला. ती म्हणे ते राहू दे, शेंगाचटणी संपली का?

शब्दवेडी
@सोलापुरी_सून चटणीचं आमच्याकडेही बघा जरा 😄

नीलाक्षी
आम्ही हंपीला, म्हणजे जुन्या विजयनगरला, गेलो ते या पुस्तकापायी. मुंबईहून होस्पेटपर्यंत ट्रेन, पुढे रिक्षा. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ आहे ना, तो तिथल्या विठ्ठल मंदिराच्या आवारात. देवळात विठ्ठल नाही. आपल्याकडे परंपरा अशी की नाथांचे पणजोबा भानुदास महाराज मूर्ती पंढरपूरला परत घेऊन आले. माझे वडील वारकरी, रिकाम्या गाभाऱ्याला त्यांनी हात जोडले. पुढे नरसिंहाची फोडलेली मूर्ती बघताना मात्र मला रामराजाचा संताप आला, मेहेरजानपेक्षाही त्या शहरासाठी. त्यामुळे जाईजुई, मी थोडी तुझ्या आजोबांच्या बाजूची.

जाईजुई, गिरगाव
नीलाक्षी, आजोबा असते तर तुला जेवायला बोलावलं असतं. पण मी माझं मत सोडत नाही 😊

शब्दवेडी
आले. जेवणं झाली, ओटा आवरला. ज्यांनी हरिभाऊंचीच 'पण लक्षात कोण घेतो' वाचलीये त्यांनी त्यातली यमू आठवा. तिचे मुंबईतले नवऱ्याबरोबरचे दिवस किती थोडे आणि किती सुखाचे, आणि मग वैधव्य. यमू पुण्याच्या वाड्यातली, मेहेरजान विजयनगरची, पण दोघींचं दुःख समजणारा माणूस एकच. यमूला तिच्याच तोंडून बोलू दिलं त्याने. म्हणून मेहेरजान नुसती सुंदर नायिका राहत नाही, तिला स्वतःचा मान आहे. बाईचा मान कळणारे लेखक आजही शोधावे लागतात. मी या मुद्द्यावर भांडायला तयार आहे.

मंदामावशी
शब्दवेडी, अगदी माझ्या मनातलं बोललीस गं.

नवी_वाचक
मी दोन्ही वाचलेल्या नाहीत 😔 शेवट सांगू नका प्लीज. कुठे मिळेल?

बखरवाला
दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ पासूनचं. तिथे विचारा. जुनी प्रत हाती आली तर सांभाळून उलटा, पानं कडेला तुटतात.

नवी_वाचक
शनिवारी जाते. जाईजुईताई, तुमच्या प्रतीचे फोटो टाका ना, आजोबांच्या सहीसकट.

जाईजुई, गिरगाव
टाकते. आधी ती बांधणीवाल्याकडे द्यायचीये, खाडिलकर रोडला कुणी चांगला माहीत असेल तर कळवा.