जहाजाचं नाव धरून शोधा
ब्रिटनमधून शिक्षा म्हणून जहाजाने ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या कैदी बाईचं लग्नानंतर आडनाव बदललं की जुन्या नोंदींत तिचा माग हरवतो, असं काहींना वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर तरी तसं नाही. तिथल्या दप्तरात बाईच्या नावासोबत तिला आणणाऱ्या जहाजाचं नाव असतं. शिक्षा चालू असताना लग्नाला सरकारी परवानगी लागे. त्या नोंदवहीत दोघांची नावं, जहाजं सापडतात. मग वर्तणुकीची नोंदवही उघडा: गुन्हा, नंतरच्या शिक्षा, होबार्टच्या कॅस्केड्स कारखान्यात (म्हणजे बायकांच्या तुरुंगात) डांबलं का, सगळं. वर्णनाच्या यादीत तर उंची, डोळ्यांचा रंग, देवीचे व्रण, गोंदणसुद्धा! हे सगळं टास्मानियाच्या अभिलेखागाराने ऑनलाइन फुकट ठेवलंय. आणि तिच्यासोबत मूल होतं का, तेही जरूर बघा. अशी बरीच पोरं आईपासून तोडून होबार्टजवळच्या न्यू टाउनच्या अनाथशाळेत टाकली गेली. त्यांच्या नोंदी वेगळ्या आहेत.