ब्लॉक टाकला, पण मुलांना दिसतोय का?

मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीत कोर्सच्या पानावर एडिट मोड (बदल करण्याची सोय) चालू केला की उजवीकडच्या पट्टीत 'ॲड अ ब्लॉक' येतं, हे बरोबरच. ब्लॉक म्हणजे मजकूर, कॅलेंडर असलं काही दाखवणारी छोटी चौकट. पण मूडल 4.0 पासून (2022) ती पट्टी ड्रॉवर (उघडता-मिटता येणारा कप्पा) झालीय आणि फोनच्या ब्राउझरवर पान उघडताना मिटलेलीच असते. मी टेक्स्ट ब्लॉकमध्ये निबंधाच्या तारखा हौसेनं रंगवून टाकल्या, तर निम्मा वर्ग विचारतोय, "सर, तारीख कुठंय?" सगळे फोनवाले! आता तारखा कोर्सच्या पानावर पहिल्या सेक्शनमध्येच (भागात), पट्टीत फक्त कॅलेंडर.

कोर्सच्या आतल्या पानांवरही ब्लॉक हवा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्ले ऑन पेज टाइप्स' बदला. क्विझ सोडवताना मात्र तो दिसत नाही. तो दाखवायचा पर्याय क्विझच्या सेटिंगमध्ये वेगळा आहे, मुळात बंद असतो. तो तसाच राहू द्या.